आधी ग्रुप, मग नेम

नवीन एअर रायफल म्हटलं की ती सरळ मारणारच असं सगळ्यांनाच वाटतं. का वाटू नये, चांगले पैसे मोजलेले असतात, खोक्यावर मोठ्या अक्षरात वेग छापलेला असतो, दुकानदाराने एक नंबर माल आहे म्हणून सांगितलेलं असतं. मग घरी येऊन दहा मीटरवर कागद लावायचा, पाच छर्रे मारायचे, आणि ते पाच जागी. एक वर, एक टार्गेटच्या मधल्या काळ्या वर्तुळाच्या बाहेर डावीकडे, एक तर कागदावर सापडतच नाही. इथून पुढे बहुतेक जण दोनपैकी एक करतात, बंदुकीला शिव्या घालतात किंवा स्वतःला. माझ्या भाचीने स्वतःला घातल्या.

ती अकरावीला आहे, कॉलेजात एनसीसी घेतलीय, दहावीला मार्क चांगले पडले म्हणून दादाने, म्हणजे माझ्या भावाने, तिला रायफल घेऊन दिली, ४.५ मिलिमीटरची, नळी मोडून भरायची, स्प्रिंगवाली. (परवान्याचं काय असं विचारणाऱ्यांसाठी: ४.५ मिमीची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर आपल्याकडे परवाना लागत नाही. पण ती खेळणं नाही, आणि चिमण्या-कबुतरांवर धरायची तर मुळीच नाही.) काही दिवसांनी तिचा फोन, "आत्या, मला नाही जमत गं हे. मी सोडून देते." बंदूक खराब निघाली असं ती एकदाही म्हणाली नाही. सरळ, मला जमत नाही.

हे मला फार लागलं, खरंच. कारण नेमबाजीत हाच पहिला फाटा असतो, चुकलेल्या गोळीत बंदुकीचा वाटा किती आणि माझा किती, हे वेगळं काढता आलं पाहिजे. ते काढता आलं नाही तर चांगली पोरगी सहा महिन्यात खेळ सोडते आणि आयुष्यभर म्हणत राहते की माझा हातच स्थिर नाही. आणि आमच्या कोल्हापुरात तर असं व्हायलाच नको, इथल्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं (झोपून मारायच्या रायफलचं) जागतिक विजेतेपद आणलं, राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडला पिस्तुलात सुवर्ण घेतलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमधून ब्राँझ आणलं. पोरांच्या डोळ्यासमोर एवढी माणसं आहेत आणि तरी घरातली पोर एका न तपासलेल्या बंदुकीपायी सोडून देते म्हणते.

दादाचं शिरोलीला छोटं मशीन शॉप आहे. सुट्टीच्या दिवशी शेड रिकामं असतं, आत दहा मीटर आरामात मिळतात, वारा नाही, मागे वाळूची पोती रचून त्यापुढे जुने कपडे ठासलेलं लाकडी खोकं, दार आतून बंद, सगळ्यांच्या डोळ्यावर वर्कशॉपचे सेफ्टी गॉगल. तिथेच बसलो आम्ही.

पहिलं काम म्हणजे तिला दहाचा विचार सोडायला लावला. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, बाहेरचं शेवटचं रिंगण ४५.५ मिमीचं. त्या ठिपक्याकडे बघत बसलं की माणूस प्रत्येक छर्ऱ्यानंतर साइटची, म्हणजे ज्यातून नेम धरतो त्या भागाची, चाकं फिरवतो, एक डावीकडे गेला की उजवीकडे दोन क्लिक, पुढचा खाली गेला की वर तीन क्लिक, आणि तासाभराने काय कशामुळे झालं याचा काही पत्ता लागत नाही. एनसीसीत आम्हाला .२२ रायफलवर आधी ग्रुपिंगच करायला लावायचे. नेम एकाच जागी धरायचा, पाच राउंड मारायचे, साइटला हात लावायचा नाही, मग जाऊन बघायचं की पाच भोकं किती लांब-लांब पडलीत. पाचही एकत्र पण टार्गेटच्या कोपऱ्यात असतील तर आनंद मानायचा, कारण बंदूकही ठीक आणि तुम्हीही ठीक, साइट हलवली की काम झालं. भोकं विखुरली असतील तर साइटला हात लावून उपयोग शून्य, रोग दुसरीकडे आहे.

तिची भोकं विखुरलेली होती. सर्वात लांबच्या दोन भोकांमध्ये सहा सेंटिमीटरच्या वर अंतर. मग मी मारली, माझीही साधारण तेवढीच. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिला वाटलेलं आत्या मारेल आणि सगळे आत जातील, म्हणजे दोष कुणाचा ते ठरेलच. मी म्हटलं, हे बघ, दोघींचं सारखंच येतंय ना, मग आधी बंदूक बघायची, तुझ्याकडे नंतर येऊ.

यात एक नियम मी तिच्याकडून वदवूनच घेतला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग ग्रुप मारायचा. हा नियम ऐकायला सोपा आहे पण पाळणं फार जड जातं, कारण यूट्यूब बघून आलेल्या माणसाला सगळं एकदम करायचं असतं, छर्रे बदलले, स्कोप बदलला, तेल घातलं, स्क्रू आवळले, आणि सुधारणा झाली तरी कशाने झाली ते कळत नाही, मग पुन्हा बिघडली की पुन्हा अंधार. तिने वहीत तारीख, काय बदललं, ग्रुप किती मिमी, असे रकाने आखले. दादाने व्हर्नियर दिला मापायला.

सुरुवात स्कोपपासून केली कारण तो काढून ठेवणं सगळ्यात सोपं. दुकानदाराने फुकट बसवून दिलेला चार एक्सचा स्कोप होता. असले स्कोप लांबच्या अंतरासाठी सेट केलेले असतात, दहा मीटरवर कागद धूसर दिसतो आणि डोळा जरा इकडे-तिकडे झाला की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकतं, बंदूक हललेली नसतानाही. शिवाय स्प्रिंगच्या बंदुकीचा झटका मागे आणि लगेच पुढे असा दोन्हीकडून बसतो, त्याने स्कोप धरणारा माउंट बंदुकीवरच्या रेलवर हळूहळू मागे सरकत जातो. इथे तर सरकल्याचा ओरखडाच होता रेलवर, चकचकीत, ताजा. स्कोप काढला, लोखंडी साइटवर आलो. ग्रुप थोडा आवरला, पण थोडाच.

मग स्क्रू. या बंदुकांच्या स्टॉकला (लाकडी दस्त्याला) पुढच्या बाजूला दोन्हीकडे एकेक स्क्रू असतो आणि एक-दोन ट्रिगर गार्डपाशी. दादाने उजव्या बाजूच्या स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लावला आणि तो जवळजवळ पाऊण आटा फिरला तेव्हा कुठे बसला. डावा त्याहून बरा, पण तोही ढिला. म्हणजे एवढे दिवस लोखंड लाकडात हलत होतं, प्रत्येक शॉटनंतर वेगळ्या जागी जाऊन बसत होतं, आणि पोरगी स्वतःला दोष देत होती! नवीन बंदुकीत हे सर्रास होतं, लाकूड दबतं, स्प्रिंगच्या हादऱ्यांनी आटे सुटतात, म्हणून सुरुवातीचे काही शंभर शॉट होईपर्यंत दर वेळी बसण्याआधी तपासायचेच. स्क्रू काढून आट्यांवर निळ्या थ्रेड लॉकरचा एक थेंब, मग परत आवळायचे, पण जोर लावून नाही, लाकूड चिरतं. भाचीने आपलं लाल नेलपॉलिश आणलं आणि स्क्रूच्या डोक्यावरून स्टॉकवर अशी बारीक रेघ ओढली, म्हणजे स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार. दादाला ही आयडिया इतकी आवडली की त्याने दोन मशीनच्या बोल्टांवरही ओढून घेतली.

ग्रुप चार सेंटिमीटरवर आला. वहीत लिहिलं.

आता एक गोष्ट मला सुरुवातीपासून खटकत होती ती म्हणजे धूर. मारल्यावर नळीतून निळसर धूर येत होता, जळक्या तेलाचा वास, आणि मधूनच एखादा शॉट फाटकन मोठ्याने वाजायचा. याला डिझेलिंग म्हणतात आणि डिझेल इंजिनात होतं तेच होतं, पिस्टन हवा इतक्या जोरात दाबतो की ती तापते आणि तिथे तेल किंवा ग्रीस असेल तर ते पेटतं. कारखान्यातून निघताना गंज लागू नये म्हणून आत-बाहेर सगळीकडे चोपडलेलं असतं ना, ते जळेपर्यंत नवीन बंदुकीत थोडा धूर येणारच. पण ज्या शॉटला जास्त जळेल तो छर्रा जास्त वेगाने जाणार आणि वर लागणार, ज्याला कमी तो खाली. उभी पसरट विखुरण दिसली की वेग कमी-जास्त होतोय अशी पहिली शंका घ्यावी. आणि त्यात लोक काय करतात, आवाज जोरात आला म्हणजे ताकद वाढली असं समजून शिवणयंत्राचं तेल आणखी सोडतात आत! कृपा करून असं करू नका. सील जळतं, स्प्रिंग तुटते, आणि नेमाची तर वाटच लागते.

नळी साफ करायला तारेचा ब्रश नको, आतले आटे नाजूक असतात. मासे धरायची नायलॉन दोरी दुहेरी करून नळीतून ओवली, तिच्या फासात जुन्या सुती बनियनचा छोटा तुकडा, आणि छर्रा भरायच्या बाजूने तोंडाकडे ओढायचा. पहिला तुकडा असा काळाकुट्ट आणि चिकट बाहेर आला की वहिनी म्हणाली हा कुठल्या गॅरेजमधून आणला. तुकडे बदलत राहिलो, करड्यावर आलं, मग जवळपास पांढरं. साफ केल्याकेल्या पहिले काही छर्रे भलतीकडे जातात, आतल्या धातूवर शिशाचा पातळ थर परत बसावा लागतो, त्यामुळे लगेच ग्रुप मापायचा नाही. हे तिला आधीच सांगून ठेवलं नाहीतर पुन्हा रडारड.

हात चालू आहे तोवर नळीचं तोंडही बघून घेतलं. कान साफ करायची कापसाची काडी तोंडाच्या आतल्या कडेवरून गोल फिरवायची, कुठे कापसाचे धागे अडकले तर तिथे बारीक खाच किंवा धातूचा कंगोरा आहे, आणि छर्रा बाहेर पडताना हवा एका बाजूने आधी सुटून त्याला ढकलते. इथे काही अडकलं नाही. नळी मोडते त्या जागेचं सील बघायला टिश्यू पेपरची पट्टी सांध्यावर ठेवून शॉट मारला, पट्टी उडाली असती तर हवा गळतेय, ती हलली नाही. नळी बंद केल्यावर डावी-उजवीकडे खेळते का तेही पाहिलं, घट्ट होती. म्हणजे बंदूक मुळात वाईट नव्हती, हे कळल्यावर मला स्वतःला हायसं वाटलं.

छर्ऱ्यांची गंमत दादामुळे झाली. बंदुकीबरोबर स्वस्तातला डबा आलेला, दादा म्हणाला थांब, आणि मायक्रोमीटर घेऊन बसला. त्याचं आयुष्य शंभरांश मिलिमीटरमध्ये गेलंय, त्याला गप्प बसवेना. एकाच डब्यातल्या छर्ऱ्यांची डोकी ४.४७ पासून ४.५३ पर्यंत! काहींचं मागचं पोकळ घेर चेपलेलं, काचेवर लोळवले की सरळ न जाता वळण घेतात. भरताना बोटालाही कळतं, एक सैल आत घसरतो, दुसऱ्याला दाबावं लागतं. जो सैल जातो आणि जो अडकून जातो ते दोन्ही एकाच भोकातून कसे जाणार? मग टार्गेटसाठीचे सपाट तोंडाचे चांगले छर्रे मागवले, वेगवेगळ्या वजनांचे, आणि एकेकाचा ग्रुप मारून पाहिला. महागडा तोच उत्तम असंही नसतं, प्रत्येक नळीला काहीतरी एक पसंत पडतं आणि का ते नेहमी सांगता येत नाही. हिच्या नळीला आठ ग्रेनच्या (छर्ऱ्याचं वजन ग्रेनमध्ये मोजतात) आसपासचा आवडला, त्याहून हलका फारसा नाही.

खोक्यावरच्या वेगाबद्दल पण बोललंच पाहिजे. हजार फूट प्रति सेकंद असं छापतात ते सगळ्यात हलका छर्रा मारून मोजलेलं असतं, आणि छर्रा आवाजाच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला साधारण ३४३ मीटरच्या, जवळ गेला की तो डगमगायला लागतो. ऑलिंपिकमधल्या दहा मीटरच्या रायफली सेकंदाला १७० मीटरच्या आसपासच मारतात. कागदाला भोक पाडायला तेवढं पुष्कळ झालं. मुलांसाठी बंदूक घेताना ताकद विचारू नका हो, ट्रिगर कसा आहे ते विचारा.

आणि मग आली धरण्याची पाळी, जिच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

एनसीसीत .२२ घट्ट धरायला शिकवतात, खांद्यात ओढून घे, गाल दाब, पकड पक्की ठेव. तिने तेच केलेलं, शिकवलं तसंच. पण .२२ ची गोळी दारूने सुटते आणि झटका पुरता खांद्यापर्यंत यायच्या आत बाहेर गेलेली असते. स्प्रिंगच्या बंदुकीत ट्रिगर दाबला की आधी तो जड पिस्टन पुढे धावतो, त्यामुळे अख्खी बंदूक मागे येते, मग पिस्टन दाबलेल्या हवेवर आपटून थबकतो आणि बंदूक पुढे झेपावते, आणि हे सगळं चाललेलं असताना छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे तुम्ही नेम धरलात ती बंदूक आणि छर्रा ज्यातून बाहेर पडला ती बंदूक, या दोन वेगळ्या जागी असतात. ती हालचाल थांबवणं कुणाच्या मनगटाच्या ताकदीचं काम नाही. करता येतं ते एवढंच की दर वेळी तिला तश्शीच हलू द्यायचं, म्हणजे दर वेळी छर्रा त्याच क्षणी, त्याच जागेवरून सुटेल. घट्ट धरलं की आज जास्त घट्ट उद्या कमी घट्ट, पहिल्या शॉटला ताजा हात, पाचव्याला दमलेला, आणि प्रत्येक वेळी बंदूक वेगळी उडी मारणार.

जर्मनीत यावर मोठी डोकी खपलीत. फाइनवेर्कबाउने १९६० च्या दशकात अशी रायफल काढली की तिची सगळी यंत्रणा स्टॉकमध्ये रुळावर बसवलेली, झटका बसला की ती आतल्या आत मागे सरकते आणि नेमबाजाच्या गालाला काही कळतच नाही. डायनाने तर एकाच वेळी विरुद्ध दिशांना धावणारे दोन पिस्टन घातले, एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो. आता स्पर्धेत स्प्रिंग उरलीच नाही, सगळ्या सिलिंडरमध्ये भरलेल्या हवेच्या, झटका जवळपास नाहीच, पण त्यांची किंमत लाखांत जाते. साध्या स्प्रिंगवाल्या बंदुकीत तो रूळ आपल्या हातानेच व्हावं लागतं.

तर मी तिला डावा हात उघडा ठेवायला लावला, बोटं आवळायची नाहीत, तळव्यावर पोळपाट ठेवल्यासारखी रायफल नुसती टेकवायची, तोल साधतो त्या जागी. वाळूच्या पिशवीवर टेकायचं तर हात पिशवीवर आणि रायफल हातावर, रायफल थेट पिशवीवर नाही, कडक वस्तूवर टेकली की ती उसळते. स्टॉकवर पेन्सिलीने खूण केली, तळवा दर वेळी तिथेच. खांद्याला नुसता स्पर्श. गालाचं वजन टाकायचं नाही. उजव्या अंगठ्याने आवळायचं नाही, तो बाजूला आरामात. आणि ट्रिगर सुटल्यावर लगेच मान वर करून कुठे लागलं बघायचं नाही, मनात एक-दोन म्हणेपर्यंत माशीकडेच, म्हणजे नळीच्या टोकावरच्या साइटकडेच, बघत राहायचं. तिला हे सगळं चुकीचं वाटत होतं, "आत्या, पडेल ना गं ती!" नाही पडत. तिने श्वास सोडला, अर्धा ठेवला, मारला. रायफल तिच्या तळव्यावर मागे-पुढे सरकली, पहिल्यांदाच मोकळी, आणि ती जराशी दचकली. पाच झाल्यावर कागद काढून आणला तर चार भोकं एकमेकांना चिकटून, एक शेजारी. व्हर्नियर लावला, कडेपासून कडेपर्यंत चौदा मिलिमीटर. काळ्याच्या खाली आणि उजवीकडे सगळा पुंजका. ती म्हणाली दहात एकही नाही. मी म्हटलं, अगं दहाचं काय घेऊन बसलीस, आता साइट फिरव! आता फिरवायची वेळ आली. वर इतके क्लिक, डावीकडे इतके, पुढचे पाच काळ्यात.

हे सगळं का करायचं याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उत्तर अभिनव बिंद्राच्या २००८ च्या बीजिंगच्या फायनलमध्ये आहे. पात्रता फेरीत ५९६ मारून तो चौथा होता आणि फायनलआधीच्या सरावाच्या शॉटला गोळी भलतीकडेच लागली, साइट हललेली होती, हे त्याने नंतर सांगितलंय. हाताशी काही मिनिटं. अशा वेळी आपला ग्रुप कसा पडतो हे ज्याला ठाऊक आहे तोच माणूस खात्रीने म्हणू शकतो की हे मी नाही, ही साइट आहे, आणि क्लिक फिरवून पुढे जाऊ शकतो. ज्याला ठाऊक नाही तो आपलाच हात तपासत बसतो. बिंद्राने शेवटचा शॉट १०.८ मारला, एकूण ७००.५, आणि भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. मी तेव्हा टीव्हीसमोर उभी राहून रडले होते, आत्ता लिहितानाही अंगावर काटा आला.

भाचीच्या वहीत आता बंदुकीचे रकाने संपलेत आणि तिचे स्वतःचे सुरू झालेत. ग्रुप बारा ते पंधरा मिलिमीटरमध्ये पडतो, त्यात अधूनमधून एक डावीकडे निसटतो आणि तो तिचा आहे, ट्रिगर हिसकल्याचा, आणि आता तिला ते शॉट सुटल्याबरोबर कळतं, कागद बघायच्या आधी, "गेला डावीकडे" असं म्हणते आणि खरंच तिथे असतो. त्याचं तिला वाईट वाटत नाही, फक्त लिहून ठेवते. आधी हेच भोक बघून ती सोडून देणार होती.

ट्रिगर मात्र खरंच जड आहे. दादाला ती आख्खी उघडून आतले भाग पॉलिश करायचेत, त्याचे हात शिवशिवतायत. मी सध्या अडवलंय कारण आतली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते, क्लॅम्पशिवाय उघडली तर पिन निघताक्षणी मागचा भाग तोंडावर येऊ शकतो, आणि रिकामी बंदूक मारून बघायची सवयही त्याला सोडायला सांगितलीय, पुढे छर्रा नसला की पिस्टन सरळ जाऊन धातूवर आदळतो. तो म्हणाला ठीक आहे, आधी स्प्रिंग कॉम्प्रेसर बनवतो. लोखंडी चॅनेलचे दोन तुकडे, मध्ये आट्याचा रॉड, एवढंच लागतं, त्याला एका दुपारचं काम. ते होईपर्यंत भाचीला नवीन डब्यातले आठ ग्रेनवाले संपवायचेत, आणि बसायच्या आधी ती नेलपॉलिशची रेघ बघायची, आणि उठल्यावर साबणाने हात धुवायचे, शिसं आहे ते.